मालकांची पसरलेली विहीर

“ही विहीर आहे,” बापूसाहेब म्हणाले.

मी समोर पाहिलं. समोर पाणीच पाणी होतं. पाणी संपत होतं तिथे काळे ठिपके दिसत होते. त्या म्हशी होत्या, हे मला कोतवालाने सांगितलं म्हणून कळलं. मधोमध बदकं पोहत होती आणि अलीकडे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, एक डोंगा बांधून ठेवला होता.

“विहीर?” मी विचारलं.

“खाजगी विहीर. जरा पसरली आहे, एवढंच.”

पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, एका टोकाला त्यांनी दोन खांब रोवले होते. खांबांवर कोरी करकरीत गडगडी, गडगडीवर दोर, दोराला बादली. खाली दगडाचा अर्धगोल कठडा. उरलेला अर्धा गोल सवडीने पूर्ण करू, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या वेळी गडचिरोली तहसीलचा नायब तहसीलदार होतो. ज्या कामाला तहसीलदाराला जायचं नसतं, त्या कामाला नायब जातो. एवढी व्याख्या पुरे. गडचिरोलीला तेव्हा जिल्ह्याचा मान नव्हता. जिल्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. बापूसाहेब मालगुजार होते आणि त्यांचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला होतं. गावाचं नाव सांगत नाही. त्यांचे नातू आजही दिवाळीला मला भेटायला येतात.

मी गेलो होतो तलावाचा ताबा घ्यायला. तो का, हे आधी सांगायला हवं.

मालगुजार म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस. इंग्रजांनी त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. जंगल त्याचं, पडीक त्याचं, तलाव त्याचा. स्वातंत्र्यानंतर आमच्या राज्याने कायदा केला आणि एक्कावन्न साली मालगुजारी संपली. मालगुजार कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की, घटनेने प्रत्येक नागरिकाला मालमत्तेचा मूलभूत हक्क दिला आहे, मग आमची मालमत्ता सरकार कसं घेतं? म्हणणं कागदावर बिनतोड होतं. दुसऱ्या एका राज्यात तर हायकोर्टाने असा कायदा रद्दही करून टाकला होता.

मग पार्लमेंटने घटनेतच दुरुस्ती केली. पहिली दुरुस्ती. घटना लागू होऊन अजून दीड वर्षही झालं नव्हतं. या दुरुस्तीने घटनेच्या मागे एक नवी यादी जोडली. तिला नववी अनुसूची म्हणतात. जे कायदे या यादीत, ते मूलभूत हक्काचं कारण दाखवून कोर्टाला रद्द करता येणार नाहीत. आमच्या राज्याचा मालगुजारीचा कायदा त्या यादीत होता. गावात कोणी विचारलं तर मी सांगायचो, धान बांबूच्या ढोलीत घालून वरून लिंपून टाकलं आहे, आता उंदराने कितीही चकरा मारू देत. त्याच दुरुस्तीने मागासलेल्या वर्गांना आणि आदिवासींना शिक्षणात जागा राखून ठेवायला आधार दिला. त्याच दुरुस्तीने बोलण्या-लिहिण्याच्या स्वातंत्र्याला काही नव्या वेसणीही घातल्या. सगळा माल एकाच गाडीतून आला.

मोठे जमीनदार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन बावन्न साली हरून परत आले. बापूसाहेब त्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी घरी बसून कायदा वाचून काढला. हे जास्त धोक्याचं.

कायद्याने मालगुजाराकडे काही गोष्टी ठेवल्या होत्या. राहतं घर, घरची शेती, अंगणातली झाडं आणि खाजगी विहिरी. बापूसाहेबांचं बोट या शेवटच्या शब्दावर थांबलं. विहीर किती मोठी असावी, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सुतार बोलावला, गडगडी बसवली आणि वकिलामार्फत चांद्याला अर्ज टाकला. तिथल्या डिप्टी कमिशनरसाहेबांनी सुनावणी दिवाळीनंतर ठेवली आणि तोवर मालकीबाबत ‘जैसे थे’ असा स्टे दिला. स्टे म्हणजे निकाल लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

बापूसाहेबांनी खिशातून स्टेचा कागद काढून मला दाखवला आणि चहा विचारला. मी चहा घेतला. दुसरं काय करणार? घरातली मोलकरीण म्हशी धुवायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, “बाईसाहेब, विहिरीवरून येतो.” घरात सगळ्यांना ताकीद होती. जो तलाव म्हणेल त्याला बोलणी बसत.

घरातून बाहेर पडलो तर वेशीजवळ सोमाजी मडावी उभे होते. गोंड शेतकरी, उंच, कमी बोलणारे. तलावाखाली त्यांच्या चार बांध्या होत्या. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात.

“घेतला का तलाव, सायेब?”

“नाही. स्टे आहे.”

“तो कोण आहे?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग मला बांधीवर घेऊन गेले. पाऊस मागेच थांबला होता. जमिनीला तडे पडायला सुरुवात झाली होती आणि धान नेमकं निसवत होतं, म्हणजे पोटातून लोंबी बाहेर पडत होती. या वेळी एक पाणी मिळालं तर धान भरतं. नाही मिळालं तर लोंब्या उभ्या राहतात, पण आत दाणा नसतो.

“आता पाणी नाई भेटलं तर निस्तं तणीस हाती येईल,” सोमाजी म्हणाले. तणीस म्हणजे पेंढा. “मालकाकडे गेलो होतो. मालक म्हणते, विहिरीचं पाणी पायजे तर पयले माह्या घरची कापणी फुकट करून द्या. जुना रिवाज आहे म्हणते.”

“मग?”

“मागल्या साली एक सायेब गाडीवर भोंगा लावून आला होता. सांगून गेला का आता बेगार बंद झाली. घटनेतच लिहून आहे म्हणे. खरं आहे का ते?”

“खरं आहे. ते तर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे.”

“मंग मालकाले आमी सांगतलं, विचार करून राह्यलो. सारं गाव विचार करून राह्यलं, सायेब. पण धान किती दिवस विचार करंल?”

मी वर पाळीकडे पाहिलं. तलावाचं तुडूम पाळीच्या पोटात होतं. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं भोक. त्याला लाकडाचा बूच असतो. तो काढायचा तर दांडा ओढला की झालं, पण परत बसवायला पाण्याखाली बुडी मारावी लागते. ते काम ढिवरांचं. बूच काढायला घटकाभर पुरे. पण स्टे होता.

मी गडचिरोलीला परतलो आणि तहसीलदारसाहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले, मग हसले, मग परत चिडले.

“विहीर म्हणतो? बदकांसकट?”

“हो साहेब.”

“हे बघ, स्टे मोडलास तर तुझी नोकरी जाईल. नाही मोडलास तर त्यांचं धान जाईल. यातलं काय जाऊ द्यायचं ते मला विचारू नकोस.”

हा सल्ला घेऊन मी त्याच गावी परत गेलो, कारण दरम्यान नदीपलीकडच्या गावांत कॉलऱ्याची साथ सुरू झाली होती आणि आरोग्य खात्याच्या मदतीला आमच्या खात्याचा माणूस द्यायचा हुकूम आला होता.

आरोग्य खात्याचा माणूस म्हणजे सॅनिटरी इन्स्पेक्टर तिवारी. सागर जिल्ह्याकडचे. गोल चेहरा, डोक्यावर छत्री, सायकलला टांगलेल्या पिशवीत लाल दवेचे डबे. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. ती विहिरीत टाकली की पाणी जांभळं होतं आणि कॉलऱ्याचे जंतू मरतात. तिवारींना मराठी समजायची, पण बोलताना ते हिंदी सोडत नसत. आम्हीही त्यांच्याशी मराठीतच बोलायचो. राज्यच दोन भाषांचं होतं, त्यामुळे कोणाला काही वाटत नसे.

चावडीसमोर गाव जमलं. तिवारींनी नियम सांगितला. साथीच्या दिवसांत सरकारी विहिरी खातं साफ करणार. खाजगी विहीर ज्याची त्याने आपल्या खर्चाने उपसून द्यायची, मग खातं दवा टाकणार. हयगय केली तर खटला.

“गाँव में कुएँ कौन-कौन से हैं?” त्यांनी विचारलं.

कोतवालाने विहिरी सांगायला सुरुवात केली. चावडीची, देवळाची, कुणब्यांच्या आळीतली. एवढ्यात मागून काशीबाई ढिवरीण बोलली. चामोर्शीच्या बाजारात मासळी विकून तिचा आवाज चांगला कमावलेला होता.

“अन् मालकाच्या विहिरीले काऊन सोडता जी? सगळ्यात मोठी तर तेच आहे.”

गाव खो खो हसलं. काशीबाई स्वतःही हसली. तिने गंमतच केली होती.

मी हसलो नाही. मी तिवारींकडे पाहिलं. तिवारी आधीपासूनच माझ्याकडे पाहत होते.

“प्राइवेट है?” त्यांनी हळूच विचारलं.

“मालक स्वतः तसं म्हणतात. चांद्याच्या अर्जात शपथेवर लिहून दिलं आहे.”

“तो फिर,” तिवारी छत्री मिटत म्हणाले, “नियम सबके लिए एक है.”

एवढ्यावर पुढे जायला माझं धाडस होईना. मिळेल त्या बैलगाडीने मी परत गडचिरोली गाठली.

“साहेब, स्टे नेमका कशाला आहे?” मी विचारलं.

“मालकीला. विहीर की तलाव, या वादाला.”

“साफसफाईला आहे का?”

तहसीलदारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नोटिशीवर सही कोणाची असेल?”

“तिवारींची. आरोग्य खात्याची.”

“आपल्या खात्याची?”

“नाही.”

“मग मला कशाला विचारतोस? मी रेव्हेन्यूतला माणूस. मला कॉलऱ्यातलं काय कळतं? आणि मी आज इथे नाहीच. चांद्याला मीटिंगला गेलो आहे.”

“कधी गेलात साहेब?”

“तू दारातून आत आलास तेव्हाच.”

दुसऱ्या दिवशी मी आणि तिवारी बापूसाहेबांच्या ओसरीवर बसलो. नोटीस त्यांनी दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. माणूस हुशार होता. डाव त्यांच्या लगेच लक्षात आला.

“कुठली विहीर उपसायची?”

“पसरलेली,” मी म्हणालो.

“अहो, पण तो तल...” त्यांनी शब्द गिळला. घसा साफ केला. “ती विहीर उपसणार कशी?”

“जैसे हर कुआँ खाली किया जाता है, बापूसाहब,” तिवारी म्हणाले. “गडगडी तो आपने लगा ही रखी है. बहुत बढ़िया है.”

“आणि नाही उपसली तर?”

“तर खटला होईल,” मी म्हणालो. “अर्थात तो तलाव असेल तर प्रश्नच नाही. तलावाला ही नोटीस लागू होत नाही. तुम्ही तसं सांगा, आम्ही आत्ता नोटीस फाडतो.”

बापूसाहेबांनी नोटिशीची घडी घातली, परत उलगडली. आतून त्यांच्या पत्नीच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हसू दाबलेलं होतं, हे मला नंतर बाईसाहेबांनीच सांगितलं.

“उपसतो,” बापूसाहेब शेवटी म्हणाले. “विहीर आहे, तर उपसतो.”

सकाळी उपसा सुरू झाला. घरचे दोन गडी गडगडीवर उभे राहिले. बादली खाली जायची, भरून वर यायची, पाळीपलीकडे रिकामी व्हायची. सगळं गाव पाळीवर येऊन बसलं. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. कोणीतरी मुरमुरे आणले. तिवारी छत्री उघडून दगडावर बसले आणि अधूनमधून गंभीरपणे पाण्याकडे बघत राहिले. बापूसाहेबांनी गावातून आणखी माणसं बोलावली. कोणी गेलं नाही. सगळे अजून विचार करून राह्यले होते.

दुपारपर्यंत पाण्याची रेघ होती तिथेच होती. दोन्ही गडी दमून कठड्यावर टेकले.

“मालक,” काशीबाईने खालून आवाज दिला, “ते पांढरं बदक तुमच्याकडे पाहून हसून राह्यलं जी!”

बापूसाहेबांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्याजवळ आले. कोरड्या आवाजात म्हणाले, “पाणी दुसऱ्या वाटेने काढलं तर चालेल का?”

“कुठल्या वाटेने?”

“तुडूम आहे ना.”

विहिरीला तुडूम कसं असतं, हे विचारायची मला फार इच्छा झाली. मी दात आवळले आणि तिवारींकडे वळलो.

“पानी निकलना चाहिए,” तिवारी म्हणाले. “कैसे निकलता है, उससे विभाग को मतलब नहीं.”

बापूसाहेबांनी स्वतः हुकूम दिला. दांडा ओढला गेला. पाळीच्या खाली क्षणभर नुसता गुडगुड आवाज झाला आणि मग पाणी पाटात उसळलं. पाळीवरचे मुरमुरे तसेच टाकून माणसं आपापल्या बांधीकडे पळाली. सोमाजी फावडं घेऊन बांधावर उभे होते. पाणी आलं तसं त्यांनी एक ढेकूळ बाजूला केलं, आणि ते आत शिरलं. तड्यांमधून बुडबुडे येऊ लागले. सोमाजी पाण्यात पाय बुडवून तसेच उभे राहिले. मीही बूट काढून बांधावर बसलो. नोकरीत असे क्षण थोडे येतात. आले की बसून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी तलावाखालच्या सगळ्या बांध्या वरपासून खालपर्यंत भरून निघाल्या, तेव्हा सोमाजी आणि काशीबाई दोघंही धावत माझ्याकडे आली.

“सायेब, आता बंद करा लागते. धानाले पुरे झालं,” सोमाजी म्हणाले.

“अन् उन्हाळ्यात जनावरं काय प्यायतीन?” काशीबाई म्हणाली. “मासे मरतीन ना बापा सगळे!”

मी बापूसाहेबांकडे गेलो. ते कठड्यावर निवांत बसून पान लावत होते. मला बघून गोड हसले.

“बंद? छे छे! तुमचा हुकूम आहे, साहेब. विहीर तळापर्यंत उपसायची. सरकारचा हुकूम मोडणारा माणूस मी नव्हे.”

डाव त्यांनी सरळ उलटवला होता. तलाव कोरडा पडला असता, तर गावाने मला कधी माफ केलं नसतं, आणि गावाने केलं असतं तरी चांद्याच्या साहेबांनी केलं नसतं. नोटिशीत ‘उपसून’ हाच शब्द होता. मी तिवारींकडे पाहिलं. तिवारी उठले. सावकाश चालत गडगडीपाशी गेले. स्वतः एक बादली काढली. त्यात चिमूटभर लाल दवा टाकली. पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. वास घेतला. भुवया वर केल्या, खाली आणल्या. हे सगळं खात्याच्या नियमात होतं की नाही, ते मला आजवर माहीत नाही.

“कुआँ साफ हो गया,” त्यांनी जाहीर केलं.

“साफ?” बापूसाहेब उडालेच. “अहो, अर्धं पाणी अजून आत आहे!”

“जो आधा बीमार था, वो निकल गया. बाकी आधा तंदुरुस्त है.”

“असं कुठे असतं?”

“बापूसाहब, पानी के मामले में विभाग का निर्णय अंतिम है,” तिवारी म्हणाले आणि त्यांनी काशीबाईला मान हलवून खूण केली.

काशीबाईचे दोन्ही दीर वाटच पाहत होते. लाकडी बूच घेऊन त्यांनी तुडमापाशी बुडी मारली. ते पाहून बापूसाहेबांचं पान हातातून पडलं. ते पाळीवरून धोतर सावरत धावत सुटले. साठी ओलांडलेला माणूस एवढा पळू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

“खबरदार!” ते ओरडले. “खबरदार माझ्या तलावाला कोणी हात लावाल तर! माझ्या आजोबांनी बांधलाय हा तलाव!”

मी, तिवारी, कोतवाल आणि पाळीवर परत जमलेलं अर्धं गाव, सगळ्यांनी ते ऐकलं.

“काय म्हणलं मालक?” काशीबाईने अगदी मऊ आवाजात विचारलं. “तलाव?”

बापूसाहेब जागच्या जागी थांबले. तेवढ्यात सोमाजी पुढे झाले. ते हसत नव्हते.

“तुमच्या आज्यानं बांधला, खरं आहे मालक,” ते म्हणाले. “माह्या आज्यानं माती वाह्यली. त्याले कोणी इचारलंबी नाई.”

बूच बसला. पाटातलं पाणी हळूहळू उतरत थांबलं. बापूसाहेब परत आले आणि त्या अर्ध्या कठड्यावर बसले. मी त्यांच्याशेजारी बसलो. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

“लिहा,” ते म्हणाले. “तलावच लिहा. विहीर विहीर म्हणून जिभेला फोड यायची वेळ आली होती.”

मी पंचनामा तिथेच केला. आठवडाभरात त्यांनी चांद्याचा अर्ज मागे घेतला, स्टे संपला आणि तलाव सरकारजमा झाला. पाण्यावर, माशांवर आणि पाळीच्या गवतावर गावाचा निस्तार नोंदवला गेला. निस्तार म्हणजे रोजच्या गरजेपुरतं वापरायचा हक्क. त्या वर्षी धान भरलं. बापूसाहेबांच्या घरचं धान मजुरी देऊन कापलं गेलं आणि कापायला काशीबाईसुद्धा गेली. कॉलरा नदीच्या अलीकडे आला नाही. त्याचं श्रेय तिवारींनी लाल दवेला दिलं.

तहसीलदारसाहेब चांद्याच्या मीटिंगहून परत आले, म्हणजे मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा. त्यांनी पंचनामा वाचला. ‘आधा बीमार, आधा तंदुरुस्त’ इथे पोचले तेव्हा त्यांना पाणी मागवावं लागलं.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण मग छप्पन्न साल आलं आणि घटनेत सातवी दुरुस्ती झाली. तोवर देशात राज्यांचे वर्ग होते. अ वर्ग, ब वर्ग, क वर्ग, जसे रेल्वेचे डबे. दुरुस्तीने ते वर्ग काढून टाकले आणि राज्यांच्या सीमा भाषेप्रमाणे नव्याने आखल्या गेल्या. विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली. ते आम्हाला लागलं, पण विचारतो कोण? आमचे डिप्टी कमिशनर एका सकाळी उठले ते कलेक्टर होऊन. तिवारी मध्यप्रदेशाच्या वाट्याला गेले. मी त्यांना पोचवायला नागभीडपर्यंत गेलो. गाडी हलताना ते खिडकीतून पहिल्यांदाच मराठीत बोलले. “येतो भाऊ,” म्हणाले. एवढी वर्षं मराठी लपवून ठेवली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बापूसाहेब माझ्या टेबलासमोर हजर झाले. चेहरा खुललेला.

“नायबसाहेब, माझा तलाव कोणी घेतला होता?”

“मध्यप्रदेश शासनाने.”

“ते शासन आता इथे आहे का?”

“नाही.”

“मग परत करा.”

मी हात जोडले. राज्य बदललं तरी जुने कायदे चालू राहतात, नवं राज्य ते बदलेपर्यंत, हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

“म्हणजे राजधानी बदलली, साहेबाचं नाव बदललं, तुमच्या कागदावरचा शिक्का बदलला, आणि नेमका माझा तलाव तेवढा बदलला नाही?”

“नाही बदलला.”

“कमाल आहे,” ते म्हणाले, आणि मनापासून हसले. मग थोडं थांबून विचारलं, “ग्रामपंचायतीला उभं राहायला काय लागतं हो?”

“मतं.”

“कोणाची?”

“सगळ्यांची. प्रत्येक मोठ्या माणसाचं एक. तुमचं एक, सोमाजींचं एक, काशीबाईंचं एक.”

“सारखंच?”

“सारखंच.”

ते उभे राहिले. प्रचाराला दारोदार फिरले. काशीबाईच्या घरी गेले तेव्हा तिने त्यांना बसायला टाकलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. बापूसाहेबांच्या घराण्यातलं कोणी ढिवराघरी पाणी प्यायलं नव्हतं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, दारात जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि पाणी प्यायले. काशीबाईने मत कोणाला दिलं, ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “मत गुपित रायते म्हणून तुमीच सांगतलं होतं ना जी?”

ते थोड्या मतांनी निवडून आले. तुडूम कधी उघडायचं ते आता सभा ठरवू लागली आणि बापूसाहेबांना सभेत हात वर करून बोलायची सवय लावून घ्यावी लागली. पाळीची दुरुस्ती त्यांनी दोनदा करून घेतली, मजुरी देऊन. काम मात्र चोख. शेवटी तलाव त्यांच्या आजोबांचा होता. सोमाजींची पुतणी राखीव जागेवर मास्तरणीच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली, तेव्हा तिला दाखला हवा होता. त्यावर पंचायतीतर्फे सही बापूसाहेबांनीच केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले.

पुढे माझ्या हाताखाली बरेच नवे नायब आले. कायद्याची पुस्तकं सगळ्यांकडे होती, मी त्यांना एकच गोष्ट वेगळी सांगत असे. समोरचा माणूस कितीही अचाट काही बोलला तरी लगेच वाद घालू नका. त्याचं म्हणणं आधी पूर्ण मान्य करा, आणि मग त्याला लागू होणारे सगळे नियम काढा. वेळ जरा जास्त लागतो, पण बहुतेक वेळा अर्ज तो स्वतःच मागे घेतो.